मी नसताना माझं म्हणणं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे छप्पन्न पूर्ण, धंदा नोकरी (मोठ्या इस्पितळाची लाँड्री, घडी विभाग), राहणार आईने माझ्या नावावर ठेवलेल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर, माझ्या मिळकतीची व माझ्या पश्चात करायच्या गोष्टींची व्यवस्था लिहून ठेवते ती अशी:

लिहून ठेवते म्हणजे सांगते. लिहिताहेत वकीलबाई. आमचा करार असा आहे की शब्द माझे राहतील. कायद्याला लागणारे अवघड शब्द त्या घालतील, पण घालण्याआधी प्रत्येकाचा अर्थ मला सांगतील आणि मी हो म्हटल्यावरच तो कागदावर उतरेल. आतापर्यंत अकरा शब्द झाले. ‘तहहयात’ मला आवडला. ‘उपरोक्त’ मी काढायला लावला.

मी आजारी नाही. सोमवारी माझी सकाळची पाळी आहे.

कलम १. माझं मन ठिकाणावर असल्याबद्दल

डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. जन्मापासून मला गोष्टी उशिरा समजतात. त्याला डॉक्टरांच्या कागदावर एक लांबलचक नाव आहे, ते इथे लिहायचं कारण नाही. मी गेल्यावर कोणीतरी म्हणणार, ‘तिला काय कळत होतं?’ तेव्हा उत्तर द्यायला मी नसेन, म्हणून आधीच घेऊन ठेवलं.

डॉक्टरांकडे भाची सोबत आली होती. भाची म्हणजे दादाची मुलगी. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिला विचारलं, “यांना मृत्युपत्र म्हणजे काय ते माहीत आहे का?”

ठरल्याप्रमाणे भाची पंख्याकडे बघायला लागली. तिने पंख्याची तिन्ही पाती नीट पाहून घेतली. डॉक्टर थोडा वेळ थांबले, मग बिचाऱ्यांना माझ्याकडे वळावंच लागलं.

“आज कोणता महिना चालू आहे?”

मी सांगितलं. वर हेही सांगितलं की त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर अजून मागचाच महिना आहे. त्यांनी उठून पान फाडलं.

“शंभरातून सात वजा करत जा.”

“आमच्या लाँड्रीत डझनात मोजतात,” मी म्हटलं. “चालेल का?” चाललं. बारा डझन चादरींतून पाच फाटक्या काढल्या तर किती, हे मी त्यांच्या आधी सांगितलं.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. “मृत्युपत्र म्हणजे काय, तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा.”

“मी नसताना माझं म्हणणं ऐकलं जावं, त्याचा कागद.”

“आणि असताना ऐकतात?”

“आता ऐकतात,” मी म्हटलं. “शिकवावं लागलं.”

कलम २. मी कोण, ते थोडक्यात

मी आईवडिलांचं दुसरं अपत्य. पहिला दादा. वडील लवकर गेले. शाळेने मला तिसरीतून घरी पाठवलं. ‘हिच्यामुळे वर्ग मागे पडतो,’ असं चिठ्ठीत लिहिलं होतं. आईने चिठ्ठी वाचली, चुलीत घातली नाही, फाडली नाही, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मला अक्षरं गिरवायला दिली. आई घरी शिवणकाम करायची. तयार कपड्यांच्या घड्या माझ्याकडे असत. काठाला काठ, मग हाताने सपाट, मग दुसरी घडी. मी आजही तशीच करते. वाचायला मला वेळ लागतो, पण येतं. लिहायला त्याहून वेळ लागतो, पण तेही येतं.

घरी मला सगळे ‘बेबी’ म्हणत. आई गेली तेव्हा मी छत्तीस वर्षांची बेबी होते.

कलम ३. संस्थेतली पाच वर्षे

आई गेल्यावर दादाने मला एका संस्थेत ठेवलं. तो वाईट वागला असं या कागदात कुठेही वाचू नये. त्याचं घर लहान, मुलगी लहान, वहिनी नोकरी करणारी, आणि मला एकटीला राहू देणं म्हणजे काडेपेटी मुलाच्या हातात देणं असं त्याला मनापासून वाटायचं. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मी बारा वर्षांची असल्यापासून आईचा स्टोव्ह पेटवत होते. विचारलं नाही.

संस्थेत कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त कपडे सगळ्यांचे होते. आठवड्याचे धुतलेले कपडे एका मोठ्या टेबलावर ढीग करून ओतायचे आणि ज्याच्या हाताला जे येईल ते त्याने घालायचं. आईने शिवलेला माझा खिशाचा निळा ड्रेस मी लागोपाठ तीन आठवडे जेवणाच्या खोलीत तीन वेगवेगळ्या बायकांच्या अंगावर पाहिला. तिन्ही बायकांची त्यात काही चूक नव्हती. तिसऱ्यांदा पाहिला त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी मी रडले, कारण मला गोष्टी उशिरा समजतात.

तिथल्या लाँड्रीत मला काम दिलं होतं. तिथे धुऊन न जाणाऱ्या शाईचं एक पेन असायचं, इस्पितळाच्या चादरींवर आकडे टाकायला वापरतात तसलं. मी ते घेतलं. सगळ्यांची नावं लिहायला मला वर्ष लागलं असतं, म्हणून मी प्रत्येकाला विचारून एकेक खूण ठरवली. एकाने सांगितलं छत्री. एकाने शिडी. एका आजींनी मासा मागितला, पण मला जमला तो चमचा झाला, आजी म्हणाल्या चमचाही चालेल. कॉलरच्या आत, कमरेच्या पट्टीला, मोज्यांच्या तळव्याला. तीन आठवड्यांत बावन्न माणसांच्या कपड्यांवर बावन्न खुणा झाल्या.

अधीक्षकांनी बोलावलं. “हे कोणी सांगितलं तुला?”

“सगळ्यांनी.”

“मी विचारतोय, परवानगी कोणी दिली?”

“ज्याचे कपडे त्याने.”

त्यांनी पेन जप्त केलं. पण शाई धुऊन जात नव्हती, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

याच काळात मला हेडबाई भेटली. ती त्या वेळी अडतीस वर्षांची होती. हातपाय तिचं ऐकत नाहीत, जीभही अर्धंच ऐकते, त्यामुळे ती चाकांच्या खुर्चीत असते आणि तिचं एक वाक्य पूर्ण व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझ्या उशीच्या अभ्र्याची घडी होते. लोक तिचं अर्धं वाक्य ऐकून उरलेलं स्वतःच पूर्ण करतात आणि निघून जातात. मी घडी घालत उभी राहायचे, म्हणून मला तिची वाक्यं पूर्ण ऐकायला मिळाली. पहिलं पूर्ण वाक्य असं होतं: “तू लाँड्रीच्या फळ्यावर ‘दूध’ ऱ्हस्व लिहिलंयस.” तेव्हापासून ती हेडबाई.

तिने खूण मागितली नाही. म्हणाली, “माझं नाव लिही. पूर्ण. शुद्ध.” दोन दिवस लागले.

कलम ४. न झालेली सही

मी एकेचाळीस वर्षांची असताना दादाने मला ऑफिसात बोलावलं. दादा होता, अधीक्षक होते, टेबलावर एक छापील कागद आणि शाईचा पॅड होता. दादाने माझा पूर्ण पालक व्हायचं, आईचं घर विकायचं आणि त्या पैशात मला संस्थेत कायमचं ठेवायचं, असा तो कागद. आईने घर माझ्या नावावर ठेवलं होतं, म्हणून माझा अंगठा हवा होता.

“इथे अंगठा दे,” अधीक्षक म्हणाले.

“मी वाचते आधी.”

ते हसले. वाईट हसले नाहीत, लहान मूल बुटांत पाय घालतं तेव्हा हसतात तसे. “तुला वाचता येतं?”

“हळू येतं. थांबा.”

थांबले. दुसरं काय करणार? माझ्यासाठी कोणी खुर्ची ठेवली नव्हती, ती मी कोपऱ्यातून ओढून आणली आणि वाचायला बसले. बोट ठेवून. चहा आला, त्यांचा निवला. तिसऱ्या ओळीत एक शब्द आला, तो मी चार वेळा लावला. अ, स, म, र्थ.

“याचा अर्थ काय?”

“तो नुसता कायद्याचा शब्द आहे,” अधीक्षक म्हणाले.

“दादा, तू सांग.”

दादा खिडकीबाहेर बघत होता. मी वाट पाहिली. वाट पाहायला मी हेडबाईकडून शिकले आहे, तिच्याशी बोलायचं तर दुसरा मार्गच नाही. शेवटी तो म्हणाला, “ज्याला स्वतःचं काही करता येत नाही, असं माणूस.”

मला राग आला नाही. मला खरंच वाटलं की गफलत झाली आहे. मी म्हटलं, “मग हा कागद माझा नाही. कपडे बदलून येतात तसा कोणाचा तरी इकडे आलाय.”

दादाने कागद ओढून घेतला, तो पुन्हा वाचला, आणि तेव्हा मी त्याचा चेहरा पाहिला. आई गेली त्या दिवशी होता तसा. त्याने कागदाची घडी घातली. वाकडी घातली, पण घातली आणि खिशात ठेवली.

“बेबी, तुला काय हवंय?”

एकेचाळीस वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला. उत्तर तयार नव्हतं असं नाही, फक्त त्यावर धूळ बसली होती.

“आईचं घर. त्याची किल्ली माझ्याकडे. आणि हेडबाई.”

“हेडबाई कोण?”

दाराबाहेरून, एक अभ्रा घडी होईल इतक्या वेळाने, आवाज आला: “मी. आणि… मी… सगळं… ऐकलंय.”

अधीक्षकांच्या बाजूने एवढं नोंदवते की त्यांनी त्याच दिवशी कपाटातून माझं शाईचं पेन काढून दिलं. “तुमचं आहे,” म्हणाले. त्या दिवशी सकाळी मी ‘तू’ होते.

कलम ५. घर

मी घरी आले. पहिले तीन महिने दादा रोज संध्याकाळी गॅस बंद आहे का ते बघायला येई. भाची तेव्हा अकरा वर्षांची होती, तीच एक दिवस त्याला म्हणाली, “बाबा, काल आपलाच गॅस चालू राहिला होता.” मग तो चहाला यायला लागला.

सहा महिन्यांनी हेडबाई आली. दारात तीन पायऱ्या होत्या, तिथे गवंड्याकडून उतार करून घेतला. गवंड्याने तो पोती घसरवायला करतात तसा केला. पहिल्याच दिवशी हेडबाई दारातून सुटली ती थेट समोरच्या कुंपणाच्या झुडपात. आम्ही धावलो. तिला बाहेर काढलं, केसांतली पानं काढली. ती काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होती आणि शब्द येत नव्हते. वहिनी पांढरीफटक पडली. शेवटी शब्द आले: “पुन्हा… एकदा.”

दुसऱ्या दिवशी गवंड्याने उतार लांब केला. हेडबाईने त्याबद्दल त्याला अजून माफ केलेलं नाही.

तिला उठवायला, आंघोळीला आणि झोपवायला सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस बाई येतात. बाकी आम्ही एकमेकींचं करतो. ती मला पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या आणि बातम्या वाचून दाखवते. मी तिचं बोलणं लोकांना थांबून ऐकायला लावते. भांडतोही. तिला रेडिओ मोठा लागतो.

हे मृत्युपत्र करायचं कारण असं. संस्थेत ज्याने छत्रीची खूण मागितली होती तो आणि शिडीवाला, हे दोघेही आमच्यानंतर बाहेर पडून छत्रीच्या वडिलांच्या घरात नऊ वर्षं राहत होते. संस्थेतून बाहेर पडलेल्या आम्हा सगळ्यांची दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठक असते. तिथे बसून आम्ही आमचे अर्ज लिहितो, एकमेकांसोबत ऑफिसांत जातो, साहेबांशी कसं बोलायचं त्याचा सराव करतो. मागच्या वर्षी छत्री हृदयाच्या झटक्याने गेला. चौथ्या दिवशी त्याच्या पुतण्याने कुलूप बदललं. शिडी कामावरून आला तेव्हा त्याची बॅग भरून पायरीवर ठेवलेली होती आणि संस्थेची गाडी उभी होती. त्या घरात शिडीचं म्हणून कागदावर काहीच नव्हतं. त्याला परत बाहेर आणायला आम्हा सगळ्यांना आठ महिने आणि एकोणीस अर्ज लागले. आता तो बेकरीच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो आणि बैठकीला पाव आणतो. तो हसतो, पण घराबाहेर पडताना बॅग सोबत घेतो.

म्हणून: माझं घर, आतल्या सामानासह, माझ्या पश्चात हेडबाईने तहहयात वापरावं. तिला कोणीही, कोणत्याही कारणाने, ‘तिच्या भल्यासाठी’ या कारणानेसुद्धा, बाहेर काढू नये. ‘तिच्या भल्यासाठी’ हे शब्द वकीलबाईंनी मुद्दाम अवतरणात घातले आहेत, कारण आम्हाला जे जे नको होतं ते सगळं याच शब्दांतून आलं. घरात कोण येईल, मदतनीस कोण असेल, रेडिओ किती मोठा असेल, हे ती ठरवील.

हेडबाईच्या पश्चात घर आमच्या शनिवारच्या मंडळाला मिळावं. मंडळाने ते विकू नये. संस्थेतून बाहेर येऊ बघणाऱ्या कोणा दोघांना ते राहायला द्यावं, आणि ते दोघे एकमेकांना आवडतात का, हे त्यांना आधी विचारावं.

हे दादाला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “आईचं घर तू बाहेर देणार?”

“बाहेर येणाऱ्यांना देणार, दादा.”

“मी काही मागतोय असं नाही.”

“माहीत आहे. पण तुला वाईट वाटलंय.”

“वाटलंय थोडं.”

“मग इकडे ये. चहा ठेवते, मग वाटून घे वाईट.” तो आला. दोन कप प्यायला. जाताना उतारावरचा सुटलेला कठडा ठोकून गेला.

कलम ६. दादा व वहिनी

आईचं शिवणयंत्र दादाला. लहानपणी तो त्याच्या पायडलवर बसून गाडी चालवायचा आणि मला मागे बसवून कुठे कुठे न्यायचा. आम्ही समुद्रापर्यंत जाऊन आलो आहोत.

‘बेबी’ हे नावही मी दादालाच परत देते. तो एकटा मला बेबी म्हणू शकतो. त्याला ही मुभा मी पन्नासाव्या वाढदिवशी दिली, त्याने न मागता. बाकी कोणी म्हणू नये.

वहिनीने पहिल्या वर्षी माझ्या सगळ्या कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: साखर, मीठ, गरम आहे, हात लावू नको. मी रागावून एका रविवारी तिच्या घरी जाऊन तिच्या सगळ्या कपाटांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तिच्या नवऱ्याच्या कपाळावरही एक लावली, तो झोपला होता: ‘गरम आहे’. ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. त्या दिवसापासून आमचं जमतं. वहिनीला माझे सगळे काचेचे डबे. चिठ्ठ्या नसलेले.

कलम ७. कामाची हत्यारं

माझी स्वतःची वजनदार इस्त्री भाचीला. घर नको असं ती स्वतः म्हणाली, “आत्या, मला तुझी इस्त्री दे,” आणि ती आता स्वतःचे शर्ट चुरगळलेलेच घालते, त्यामुळे दोन्ही कारणांनी योग्य आहे. न धुऊन जाणाऱ्या शाईची माझ्याकडची सगळी पेनं शिडीला.

इस्पितळाच्या लाँड्रीत मला नोकरी कशी लागली हे लिहून ठेवायला हवं, कारण तिथे आता माझ्यासारख्या चौघी आहेत आणि त्यांना हे कोणी सांगणार नाही. मुकादमबाईंनी मला परीक्षेला इलॅस्टिकच्या चादरींचा ढीग दिला होता. त्या चादरीची घडी कोणाला घालता येत नाही, सगळे गोळा करून कोंबतात. मला येते. कोपऱ्यात कोपरा घालायचा, चारही, मग ती साधी चादर होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ढीग संपला. मुकादमबाई एका पर्यवेक्षकाला म्हणाल्या, “ही उद्यापासून इथे.” मग थांबल्या. माझ्याकडे वळल्या. “म्हणजे, तुम्हाला चालेल का?”

मी म्हटलं, विचार करून सांगते. मला लगेच हो म्हणायचं होतं. पण असा प्रश्न रोज येत नाही, म्हणून घरी नेला.

मुकादमबाईंना मला काही तरी द्यायचं होतं, पण वकीलबाई म्हणतात साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. मुकादमबाई म्हणाल्या, “मग मला साक्षच द्या.” म्हणून त्यांना काही नाही.

कलम ८. बँकेतली शिल्लक

हेडबाईच्या मदतनीस बाईंचा पगार आणि खुर्चीची दुरुस्ती यांना लागेल तसं वापरावं. उरलं तर हेडबाईने उधळावं. ‘उधळावं’ हा शब्द वकीलबाईंना बदलायचा होता. तो तसाच ठेवावा.

कलम ९. ज्यांच्याशी माझं पटत नाही ते

बँकेच्या खिडकीत बसणारे गृहस्थ मी गेले की दर वेळी माझ्या खांद्यावरून मागे बघतात आणि विचारतात, “सोबत कोण आहे?” सात वर्षं मी ‘कोणी नाही’ म्हणत होते. आठव्या वर्षी विचारलं, “तुमच्या सोबत कोण आहे?” रांगेतले सगळे हसले. तेही हसले, पण पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं. त्यांना मी काहीही ठेवत नाही. मी गेल्याची बातमी त्यांना द्यायला हेडबाईने स्वतः जावं आणि पूर्ण वाक्यात द्यावी. रांग कितीही मोठी असो.

आमच्याच ओट्यावर दार असलेले शेजारचे निवृत्त मास्तर पाच वर्षं उताराच्या पायथ्याशी स्कूटर लावत आले. सांगून झालं, चिठ्ठ्या देऊन झाल्या. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पायऱ्या बंद झाल्या. गेली दोन वर्षं ते काठी टेकत आमच्याच उतारावरून जातात आणि आमच्या दाराकडे न बघता जातात. उतार वापरायचा हक्क त्यांना तहहयात देते. ‘आभारी आहे’ म्हणायची मुभा खुली ठेवते, मुदत नाही.

कलम १०. मी गेल्यावर

विधी साधा असावा आणि लवकर आटपावा. मला जे घालाल ते इस्त्री केलेलं असावं. फोटो हेडबाई निवडील.

भाषणं करायची तर करा, पण कोणीही मला निष्पाप म्हणू नये, देवाचं लेकरू म्हणू नये, आणि ‘तिच्याकडून आपण किती शिकलो’ असं म्हणून डोळे पुसू नयेत. मी मोठी बाई होते. मला राग येत असे, मी दोनदा प्रेमात पडले, एकदा युनियनच्या निवडणुकीत उभी राहिले आणि हरले, आणि मला पत्त्यांत लबाडी करता येते. शिडीला विचारा. असलं काही सांगायचं असेल त्याने बोलावं.

कलम ११. व्यवस्थापक

या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाचीने करावी. ती एकदा म्हणाली, “आत्या, मला काही अडलं तर कोणाला विचारू?” हेडबाईला विचार. ती उत्तर देईपर्यंत थांब. तुला घाई असेल, तुझ्या पिढीला असतेच, तरी थांब.

हेडबाईला साक्षीदार व्हायचं होतं. तिला घर वापरायला मिळत असल्यामुळे तिला होता येत नाही, हे कळल्यावर ती पंधरा मिनिटं वकीलबाईंशी वाद घालत होती. वकीलबाई पूर्ण पंधरा मिनिटं ऐकत होत्या. म्हणून त्याच माझ्या वकील आहेत.

कलम १२. बदलाबद्दल

वकीलबाईंनी कच्च्या मसुद्यात शेवटी छापील वाक्य घातलं होतं: ‘हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र आहे.’ मी विचारलं, शेवटचं म्हणजे काय? त्या म्हणाल्या, ही नुसती पद्धत आहे, तुम्ही हयात असेपर्यंत कधीही बदलू शकता. मी म्हटलं, मग तसं लिहा.

लहानपणी मी आधी हा घास मागितला आणि मग तो मागितला तर लोक म्हणायचे, हिला काही कळत नाही. संस्थेत मी एकदा खिडकीची खाट मागितली आणि थंडीत परत दाराकडची मागितली, तर वहीत ‘निर्णयक्षमता नाही’ असं लिहिलं गेलं. दादा गाडी घेताना तीनदा रंग बदलत होता, तेव्हा वहीत कोणी काही लिहिलं नाही. विचार चाललाय त्याचा, असं म्हणाले.

तरी वरचं सगळं आज मला पटतं. उद्या कदाचित इस्त्री दुसऱ्या कोणाला द्यावीशी वाटेल. कदाचित मास्तर आभार मानतील आणि मला कलम नऊ नव्याने लिहावं लागेल. कदाचित मी तिसऱ्यांदा प्रेमात पडेन, मग तर वकीलबाईंना बरंच काम आहे. ज्या दिवशी माझं मन बदलेल त्या दिवशी मी हा कागद बदलेन, आणि तेव्हा कोणीही म्हणू नये की तिला कळत नव्हतं. विचार चालला होता माझा.

म्हणून हे माझं पहिलं मृत्युपत्र आहे. पुढचं पुढे.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं, मग मी स्वतः बोट ठेवून वाचलं. वाचायला सकाळचा बाकीचा वेळ गेला. सगळे बसून होते.

ठिकाण: आमच्या घरातलं जेवणाचं टेबल.
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे ती. वार शुक्रवार.

मृत्युपत्र करणारीची सही: (पूर्ण नाव, स्वतःच्या हाताने, दोन ओळींत, कारण एकीत मावलं नाही)

साक्षीदार १: मुकादमबाई, इस्पितळाची लाँड्री. ‘यांनी माझ्यासमोर सही केली. सही चालू असताना मी घड्याळाकडे बघितलं नाही.’

साक्षीदार २: डॉक्टर, प्रमाणपत्र देणारे. ‘माझ्यासमोर सही केली. पूर्ण शुद्धीत. माझ्याहून अधिक.’

मसुदा लिहिणार: वकीलबाई.

हजर, पण साक्षीदार नाही, आणि हे लिहिल्याशिवाय कागद उचलू देत नव्हती म्हणून तिने सांगितलं तसं शब्दशः: ‘कलम तीनमध्ये मी अडतीस नव्हे, सदतीस वर्षांची होते. बाकी सगळं बरोबर आहे. हेडबाई.’